बुशिंग डाय आणि खांदा मोजायचं गेज: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

.308 विंचेस्टर या रायफल काडतुसाच्या, उडवून झाल्यावर पुन्हा भरायच्या पन्नास पितळी पुंगळ्यांचा एक संच नऊ महिन्यांपूर्वी बाजूला काढला आणि त्यावर फक्त दोन नव्या वस्तू वापरल्या: फुल लेंग्थ बुशिंग डाय (फुललेली पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणारा साचा, त्यात मान दाबायला बुशिंग म्हणजे बदलता येणारी कडी) आणि खांद्याची, म्हणजे मानेखालच्या उताराची, उंची मोजायचं कंपॅरेटर गेज. गेल्या आठवड्यात तो संच सातव्यांदा भरायला घेतला. डाय उत्तम आहे, तक्रारी किरकोळ. पण दोन्हींपैकी एकच घेणं जमणार असेल तर आधी गेज घ्या, डाय नंतर.

हे एवढं ठासून सांगतोय त्याला आधीचा संच कारण आहे. तेव्हा मी साध्या डायसोबत आलेल्या कागदाप्रमाणे चालायचो: डाय शेलहोल्डरला (प्रेसमध्ये पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकेपर्यंत फिरवा आणि वर आणखी थोडा आटा द्या. चौथ्या भरणीनंतर बुडाच्या जरा वर एक चकचकीत रेघ दिसली. बारीक तारेचं टोक वाकवून आतून ओढलं, तर नेमकं तिथे अडकलं. ती पुंगळी करवतीने उभी कापली. बाहेर नुसती रेघ होती, आत मात्र नखाला लागेल अशी खाच पडली होती. पुढच्या एखाद्या बाराला ती तिथेच तुटली असती. नंतर गेज आल्यावर कळलं की ती डाय दर वेळी खांदा तब्बल आठ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मागे ढकलत होती. बार उडाला की पुंगळीचा पुढचा भाग चेंबरच्या (रायफलमध्ये काडतूस बसतं त्या पोकळीच्या) भिंतीला घट्ट धरतो आणि बूड मागे बोल्टपर्यंत, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या भागापर्यंत, सरकतं. मधलं अंतर पितळ ताणूनच भरून निघतं, तेही दर वेळी त्याच जागी.

आता आधी प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) काढतो, मगच मोजतो. उडालेला प्रायमर कधी कधी बुडाच्या किंचित बाहेर राहतो आणि माप फसवं येतं. कोरी पुंगळी पहिल्या बाराला चेंबरभर फुलतेच असं नाही, म्हणून दोन-तीन वेळा उडालेल्या दहा पुंगळ्या मोजून त्यातलं सर्वांत मोठं माप धरलं. माझ्या गेजवर ते 1.628 इंच आलं, म्हणून डाय 1.626 ला लावली. हे आकडे फक्त माझ्या गेजचे आणि माझ्या रायफलचे, तुमच्या गेजवर वेगळेच येतील. कामाचा आहे तो दोन थाऊचा फरक. खात्रीसाठी डायमधून काढलेली रिकामी पुंगळी चेंबरमध्ये घालून, फायरिंग पिन काढलेला बोल्ट लावून पाहतो. हँडल जवळजवळ स्वतःच्या वजनाने खाली आलं पाहिजे.

गेजने मला न विचारलेली एक गोष्टही सांगितली. या नव्या संचाच्या चौथ्या भरणीला डायला हातही लावला नव्हता, तरी खांदा दोनऐवजी जेमतेम एक थाऊ मागे जायला लागला. 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असलेलं हे पितळ दर वेळी ताणून-दाबून कडक होतं आणि दाबलं की उलट उसळी घेतं. मग ॲनिलिंग, म्हणजे तापवून पितळ पुन्हा नरम करणं, सुरू केलं. ड्रिलमध्ये सॉकेट, त्यात पुंगळी फिरती ठेवून मान आणि खांद्याच्या सांध्यावर ज्योत. साधारण 400 अंश सेल्सिअसला वितळणारा तापमान-रंग मानेच्या आत लावून माझ्या ज्योतीला किती सेकंद लागतात ते आधी ठरवलं. बूड कडकच राहिलं पाहिजे, तिथे उष्णता पोचू द्यायची नाही, यात तडजोड नाही. नरम झालेल्या पुंगळीचा खांदा मात्र त्याच सेटिंगवर तीन थाऊ गेला, म्हणजे डाय पुन्हा थोडी वर घ्यावी लागली.

डायबद्दल. भरलेल्या काडतुसाची मान 0.336 इंच भरते, मी 0.333 चं बुशिंग वापरतो आणि मग 0.306 चा मँड्रेल (मान आतून रुंदावणारी दांडी) आतून फिरवतो. बुशिंग बाहेरून दाबतं, त्यामुळे मानेच्या जाडीतला फरक आत ढकलला जातो. मँड्रेल तो पुन्हा बाहेर काढतो. बुलेट बसवताना प्रेसच्या दांड्यावर आता पन्नासही वेळा सारखाच दाब लागतो, आणि लांबच्या टार्गेटवर अचानक वर-खाली जाणारे शॉट त्यामुळेच कमी झाले असं माझं मत आहे. तक्रारी दोन. लॉक रिंगचा स्क्रू सैल होतो, एकदा अख्खं सेटिंग गेलं. आणि बुशिंग खांद्याजवळची शेवटची थोडी मान दाबतच नाही, त्यामुळे बुलेट तिथपर्यंत खोल जात असेल तर लक्ष ठेवा.

बाकीचं थोडक्यात. लांबी 2.015 इंचांच्या वर जाऊ देत नाही, 2.005 ला कापतो, तोंडाची बर (कापल्यावर राहणारी धातूची खरखरीत कड) आत-बाहेर काढतो. फ्लॅश होलची (प्रायमरची ज्योत आत जाते त्या भोकाची) बर एकदाच. चांगल्या पितळात प्रायमर पॉकेट (प्रायमर बसायचे खळगे) एकसारखे करत बसलो, पण टार्गेटवर फरक दिसला नाही. स्टीलच्या पिनांनी पाण्यात धुतलेल्या पुंगळ्या आरशासारख्या झाल्या, पण मानेतली काजळीही गेली आणि बुलेट खरखरत बसायला लागली. आता कोरडा मक्याचा भुसा आणि मानेत नायलॉन ब्रश, बस. ल्यूब (वंगण) हलक्या हाताने, खांद्यावर जास्त झालं की तिथे खळगे पडतात.

सातव्या भरणीला सगळ्या पन्नास पुंगळ्यांत तार फिरवली, कुठेच अडकली नाही. दोनमध्ये प्रायमर अगदी सैल गेले. त्यातले प्रायमर हळूच परत काढले आणि पक्कडीने दोन्ही पुंगळ्या चेपून टाकल्या.