मटवर नऊ महिने: हेडरची सफाई आणि आचाऱ्यांचा हिशेब

नऊ महिने झाले, रोजचा मेल मी टर्मिनलमध्ये, म्हणजे फक्त अक्षरं दाखवणाऱ्या कमांडच्या खिडकीत, मट या मेल प्रोग्रामवर वाचतोय. १९९५ पासूनचा प्रोग्राम, दिसायला अगदी रुक्ष. तरी टिकलो, कारण हेडरमधून (मेलच्या वरच्या, विषय-पाठवणारा वगैरे ओळींतून) येणारी कंट्रोल कॅरेक्टर्स, म्हणजे अक्षर म्हणून न दिसणारे यंत्रासाठीचे संकेत, तो चोख हाताळतो.

टर्मिनलला एस्केप, म्हणजे २७ क्रमांकाचं कॅरेक्टर, हा हुकूम वाटतो. त्याच्यामागे चौकटी कंस, २ आणि इंग्रजी जे आला की स्क्रीन पुसली जाते. आपला मराठी विषय बेस-६४ मध्ये, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांच्या सांकेतिक रूपात, गुंडाळून येतो, तसंच हेही गुंडाळून येऊ शकतं. म्हणून सफाई व्हायला हवी ती उलगडल्यावर. मी स्वतःलाच असा मेल पाठवून पाहिला. स्क्रीन जागची हलली नाही. एस्केपच्या जागी प्रश्नचिन्ह आलं आणि पुढची अक्षरं साधी छापली गेली.

ते प्रश्नचिन्ह मला फार मोलाचं वाटतं. २०१७ च्या डिसेंबरात साब्री हद्दूश या संशोधकाने पाठवणाऱ्याचं नाव खोटं दाखवू देणाऱ्या ‘मेलस्प्लॉइट’ या त्रुटी उघड केल्या तेव्हा ३० हून जास्त मेल प्रोग्राम अडकले होते. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात शून्य बाइट (० क्रमांकाचं कॅरेक्टर) किंवा नवी ओळ लपवली, की काही प्रोग्राम पत्ता तिथेच तोडायचे. खरं डोमेन नजरेआड जायचं आणि खोटं तेवढं दिसायचं. इथे काहीतरी होतं, एवढं तरी वाचणाऱ्याला कळायलाच हवं.

अँसी रंग, म्हणजे मेलमधल्याच एस्केप-हुकुमांनी ठरणारे रंग, दाखवण्याचा पर्याय मटमध्ये मुळात बंद असतो, तो बंदच ठेवा. नाहीतर ‘पीजीपी सही तपासली’ (पीजीपी म्हणजे पाठवणारा खरा असल्याची डिजिटल सही) अशी बनावट ओळ कुणीही हव्या त्या रंगात लिहून पाठवेल.

चूक माझ्याकडून झाली. जाहिरातींच्या मेलमध्ये न दिसणारी कॅरेक्टर्स खच्चून भरलेली असतात. त्यांना वैतागून मी मटच्या डिस्प्ले फिल्टरला (मेल दाखवण्याआधी तो ज्यातून जातो त्या गाळणीला) स्वतःची स्क्रिप्ट जोडली आणि न दिसणारं ते सगळं उडवलं. महिन्याभराने भाचीच्या लग्नाच्या हिशेबाचा मेल आला: ‘आचार्यांना १५ हजार द्यायचे आहेत.’ कोणते आचार्य? दादाला फोन केला, त्याच्या मोबाइलवर ‘आचाऱ्यांना’ असं स्वच्छ दिसत होतं. अर्धा र काही कीबोर्ड र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारी, स्वतः न दिसणारी खूण) असा लिहितात. माझी स्क्रिप्ट तो जॉइनर गिळत होती. ज्यांचा कीबोर्ड नुक्त्याचा ऱ वापरतो, त्यांचे मेल शाबूत राहायचे, म्हणून इतके दिवस लक्षातच आलं नाही.

युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, खरी कंट्रोल कॅरेक्टर्स फक्त ६५ आहेत: ० ते ३१, १२७, आणि १२८ ते १५९. जॉइनर त्यांत नाही, तो आपल्या लिपीचा भाग आहे. आता माझी स्क्रिप्ट नवी ओळ आणि टॅब सोडून त्या ६५ पैकी उरलेल्यांच्या जागी चौकोन छापते. मजकुराची दिशा उलटवणाऱ्या खुणांनाही तोच चौकोन, कारण त्या वापरून फाइलच्या नावाचा शेवट फिरवता येतो. जॉइनर आणि नॉन-जॉइनरला (अक्षरं जुळू न देणाऱ्या खुणेला) मात्र हात लावत नाही.

मराठीत मेल वाचणाऱ्यांसाठी एक तक्रार उरतेच: टर्मिनलमध्ये जोडाक्षरांच्या रुंदीचा हिशेब अजून चुकतो, लांब विषय असला की यादीतले रकाने सरकतात. आणि डिस्प्ले फिल्टर उघडलेल्या मेलवरच चालतो, यादीवर नाही. संशय आला की मी मेल पाइप करून, म्हणजे थेट दुसऱ्या प्रोग्रामकडे सोडून, ‘कॅट’ या कमांडच्या व्ही पर्यायाने (तो न दिसणारी कॅरेक्टर्सही दाखवतो) कच्चं हेडर बघतो.