सायलेन्सर नंतर, आधी सॅग: भोसरीतल्या सस्पेन्शनवाल्या काकांकडचा अनुभव

मोटोक्रॉस, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरची बाइक शर्यत, शिकणाऱ्या पोरांचा पहिला खर्च सायलेन्सरवर होतो, हे काकांचं ठरलेलं रडगाणं. माझी कावासाकी केएक्स २५० त्यांच्याकडे नेली तेव्हा इंजिनकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आधी सॅग, म्हणजे वजनानं सस्पेन्शन किती दबतं ते. "बूट, हेल्मेट, नेक ब्रेस सगळं चढव आणि ये," म्हणाले.

गाडी स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. ॲक्सलपासून मडगार्डवरच्या पेनाच्या खुणेपर्यंत एक माप. मग खाली उतरवून, मी हे सगळं अंगावर चढवून बसल्यावर तेच माप पुन्हा. फरक, म्हणजेच सॅग, १२५ मिमी. हवा साधारण १०० ते १०५. मागचं इतकं बसलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वळणात बाहेर पळतं. मी दोष टायरला देत होतो!

स्प्रिंगची रिंग आवळून १०३ वर आणलं. पण काका तिथं थांबले नाहीत. मला उतरवून, नुसत्या गाडीच्या वजनानं मागचं किती बसतं तेही मापलं: ३४ मिमी. "तीस ते चाळीसमध्ये आहे, स्प्रिंग तुला चालते. फार कमी आलं असतं तर स्प्रिंग मऊ, म्हणून जास्त आवळावी लागली असा अर्थ." शेवटी पुढचं चाक उचलून फोर्कमधली, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्यांमधली, साठलेली हवा सोडली, फुस्स.

वेळेच्या नावानं मात्र बोंब. सकाळी दहाची वेळ, हात लागला दुपारी. बसायला टायरांची चळत, फोन उचलतीलच असं नाही. तरी पैसे वसूल. मापं वहीत लिहून देतात, तेवढी मागून घ्या.