दंडावरचे रक्तदाबमापक यंत्र : आठ महिन्यांच्या वापरानंतर

वडिलांचे वय 76 आहे. रक्तदाबाची गोळी अनेक वर्षांपासून चालू असली, तरी घरी नियमित नोंद ठेवावी असे डॉक्टरांनी सुचवल्यामुळे आम्ही दंडावर पट्टा बांधण्याचे स्वयंचलित यंत्र घेतले. मनगटावरचे यंत्र सुटसुटीत असते, पण हात हृदयाच्या पातळीपासून जरा वरखाली झाला की त्याचा आकडा बदलतो, म्हणून ते टाळले.

यंत्र चांगले आहे. अंक वडिलांना चष्म्याशिवाय वाचता येतात आणि बटण एकच असल्याने ते कोणाच्या मदतीवाचून दाब मोजतात. माझी तक्रार पट्ट्याबद्दल आहे. सोबत 22 ते 32 सेंटिमीटर घेराचा एकच पट्टा मिळतो आणि वडिलांच्या दंडाचा घेर 35 भरला. पट्टा तोकडा असेल तर दाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो, ही गोष्ट खोक्यावर ठळक छापायला हवी होती. ती आम्हाला माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत सापडली. तोपर्यंत दोन आठवडे 160 च्या पुढचे आकडे पाहून सगळे घर धास्तावले होते. मोठा पट्टा वेगळा मागवून त्याच दंडावर, पाच मिनिटे शांत बसवून मोजले, तेव्हा वरचा दाब 144 आला. चुकीच्या आकड्यांवरून गोळी वाढली असती, या विचाराने अजूनही जीव कासावीस होतो.

आता सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी, पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजतो. घरी सरासरी 135/85 किंवा त्याहून अधिक राहिली, तर ती वाढलेली समजतात.

यंत्राचा सर्वांत मोठा उपयोग मात्र अनपेक्षितपणे झाला. अंथरुणातून उठताना वडिलांना भोवळ येत असे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून बसून आणि मग उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजले, तर वरचा दाब 24 ने उतरलेला दिसला. 20 किंवा त्याहून जास्त उतार उतारवयात पडण्याचा धोका वाढवतो, म्हणून डॉक्टरांनी औषधात बदल केला.

हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांच्या बाबतीत अशा यंत्राचा आकडा भरवशाचा नसू शकतो. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. इतरांनी हे यंत्र जरूर घ्यावे, पण खरेदीपूर्वी दंडाचा घेर टेपने मोजून घ्यावा.