तेलाच्या कॅनच्या सेल्फ वॉटरिंग कुंड्या, आठ महिन्यांनंतर: आधी वात बघा

या कुंडीत खाली पाण्याची टाकी, वर माती, आणि मधली वात खालचं पाणी मातीत ओढून घेते. एप्रिलमध्ये भाचीच्या लग्नाला पाच दिवस गेले, परत येऊन बघते तर गॅलरीतली मिरचीची तिन्ही रोपं वाळून काड्या झालेली, आणि खाली टाकीत पाणी अर्ध्याच्या वर! पाणी संपून रोपं गेली असती तर समजले असते, पण पाणी चार बोटांवर असताना गेली याचं फार वाईट वाटलं, नुकती फुलं धरली होती त्यांना.

कुंडी उपसली तेव्हा कळलं. वात कुजली होती. जुन्या सुती साडीची पट्टी फाडून वात केली होती मी नोव्हेंबरमध्ये, ती मातीत शिरते तिथे बोटात धरली तर लगदाच हातात आला. सुती कापड पाणी छान ओढतं म्हणून सगळे तेच सांगतात, पण कायम ओल्या मातीत ते कुजणारच, हे कोणी सांगत नाही. सुतळीचं तर त्याहून लवकर होतं.

मग आठवडाभर मी फक्त वातीच्याच मागे होते. पेल्यात शाईचं पाणी घेतलं, त्यात एकेक वात सोडली आणि तासाभरात शाई किती वर चढते ते बघितलं. पॅकिंगची प्लास्टिकची दोरी जवळपास कोरडीच राहिली. पायजम्याची नायलॉनची नाडी नवी होती तोवर चढेना, गरम पाण्यात साबणाने धुतली मग बरी चढली. सगळ्यात भारी निघाली उसवलेल्या स्वेटरची ॲक्रिलिक लोकर, सहा पदरांची वेणी घातली तर वीतभर वर गेली. खरी लोकर नको, तीही कुजते. आता सगळ्या कुंड्यांत हीच वेणी आहे, एका कॅनला दोन, आणि वरचं टोक मातीत नुसतं उभं न सोडता गोल पसरवून ठेवते. पहिल्यांदा पाणी वरूनच घालायचं, माती आणि वात दोन्ही भिजल्याशिवाय खालचं पाणी चढायला सुरुवात होत नाही.

आमच्याकडे मराठवाड्यात नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे एकेक तांब्या जपूनच वापरावा लागतो. पाच लिटरच्या कॅनमध्ये खाली साधारण दीड लिटर मावतं, थंडीत ते मिरचीला पाच दिवस पुरलं, मे महिन्यात दोनच. म्हणून मोठ्या झाडांना रंगवाल्याकडच्या डिस्टेंपरच्या बादल्या एकात एक घातल्या, वरच्या बादलीच्या तळाला भोकं पाडलेला दह्याचा डबा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून बसवला, तोच वातीचं काम करतो. ऑइल पेंटची बादली खायच्या भाजीला अजिबात घेऊ नका.

एका बाबतीत माझं मत बदललंय. पाणी दिसतं म्हणून पारदर्शक बाटल्याच चांगल्या असं मी सगळ्यांना सांगत होते, पण महिन्याभरात आत हिरवं शेवाळ आणि वास. आता बाहेरून पांढरा रंग मारलाय, फक्त बोटभर रुंदीची उभी पट्टी सोडलीये पातळी बघायला. मातीचंही तसंच, शेतातली काळी माती आणून भरली ती चिखल होऊन बसली आणि सासूबाई म्हणाल्या तशी पुदिन्याची मुळं सडली. आता कोकोपीट जास्त, गांडूळखत आणि मूठभरच माती. बोअरचं पाणी जड असल्याने वर पांढरा थर येतो, त्यामुळे महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी ओतून तो धुऊन काढायचा.

डासांचं मात्र मनावर घ्या, घरात लहान मुलं असतील तर जास्तच. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास बाहेर. पाणी भरायच्या नळीच्या तोंडाला आणि जास्तीचं पाणी जायच्या भोकाला दोन्हीकडे बारीक जाळी रबराने घट्ट बांधा. ते भोक विसरलात तर जूनच्या पहिल्या पावसातच कुंडी काठोकाठ भरेल, माझी एक तुळस त्यातच गेली.

मिरची परत लावली, लोकरीच्या वातीवर, जुलै आलाय आणि कालच पहिल्या नऊ मिरच्या तोडल्या. पुदिना तर कात्रीने कापून शेजारी वाटतेय. कोरफड आणि कढीपत्ता मात्र साध्या कुंडीत परत हलवले, त्यांना मधेमधे कोरडं व्हायला लागतं. आता वीस लिटरच्या बादलीत वांगं लावलंय.