हब मोटरची वायर तुटली: बाहेरच जोडावी की मोटर उघडावी?

इलेक्ट्रिक सायकल आडवी पडली किंवा ॲक्सल आपल्या खाचेत फिरला, की हब मोटरची, म्हणजे चाकातच बसवलेल्या मोटरची, केबल बहुतेक वेळा एकाच जागी मार खाते, ॲक्सलच्या तोंडाशी. मग दोन वाटा उरतात. बाहेरच्या बाहेर जोड द्यायचा, नाहीतर मोटर उघडून अख्खी केबल बदलायची. मी दोन्ही केलंय. पहिलं हौसेने, दुसरं नाइलाजाने.

आधी मोटर कंट्रोलरपासून (तिला वीज देऊन चालवणाऱ्या पेटीपासून) सोडवून चाक हाताने फिरवून बघा. गिअरवाली असेल तर उलटं, कारण पुढे फिरवताना आतला क्लच मोटरला हलवतच नाही. चाक अडखळत, जड फिरलं तर बहुधा फेजच्या, म्हणजे मोटरला वीज नेणाऱ्या तीन जाड तारा एकमेकींना भिडल्यात. खात्री होईपर्यंत थ्रॉटल देऊ नका. फेजची तार हॉलच्या (मोटर कुठवर फिरलीय ते सांगणाऱ्या सेन्सरच्या) बारीक तारेला टेकली असेल तर सेन्सर जातात, कंट्रोलरही जाऊ शकतो.

जोड एका संध्याकाळचं काम आहे. सगळे सोल्डरचे डाग एका रेषेत आले तर तिथे गाठोडं होतं, म्हणून तारा मागेपुढे कापायच्या. हीटश्रिंकची, म्हणजे तापवल्यावर आवळणारी, नळी डाग देण्याआधी ओवायची (मी दोनदा विसरलो). माझ्या तीन फेज तारांनी पुढे कधी कुरकुर केली नाही.

छळलं ते हॉलच्या पाच तारांनी. सोल्डर जिथवर झिरपतं तिथवर तार ताठ होते आणि वाकताना नेमकी त्या सीमेवर मोडते. माझी पूर्ण मोडलीही नाही. स्टँडवर चाक लोण्यासारखं फिरायचं, मीटरवर तिन्ही सिग्नल शून्य आणि पाच व्होल्टमध्ये शिस्तीत उड्या मारायचे. रस्त्यावर उभ्याने निघालो की मोटर गुरगुरायची, दोन झटके द्यायची, मग चालायची. कधी दिवसभर काहीच नाही. जोड तीनदा सोडला, कंट्रोलरला दोष दिला. शेवटी मीटर लावून केबल बोटाने वाकवली तेव्हा हिरव्या तारेचा सिग्नल गायब झाला. सेन्सरलेस कंट्रोलर लावून हॉलची भानगडच मिटवता येते, पण मग उभ्याने निघताना पेडल मारावं लागतं. मला ते नको होतं.

मोटर उघडणं सुखाचं नाही, हे कबूल. बिनगिअरच्या मोटरीत चुंबक झाकण आणि स्टेटर (आतला न फिरणारा, कॉइलचा भाग) असे ओढून धरतात की पुलर, म्हणजे ओढून काढायचं हत्यार, लागतो, बोटं सांभाळा. फेज आणि हॉल दोन्हींत पिवळा, हिरवा, निळा हेच रंग, म्हणून कापण्याआधी फोटो काढा. कॉइलच्या टोकांवरचं वार्निश खरवडल्याशिवाय डाग बसत नाही. ॲक्सलचं भोक अरुंद, तेव्हा पातळ पण उष्णता सोसणारं आवरण असलेल्या तारा घ्या आणि जुन्या केबलच्या शेपटाला दोरा बांधून नव्या आत ओढा. माझे दोन दिवस गेले. त्यानंतर झटका नाही, निदान अजून तरी.

तुमची तार ॲक्सलपासून चार बोटं लांब तुटली असेल तर मीही जोडच देईन; तिथे ती फारशी वाकत नाही. तोंडाशीच तुटली असेल तर मात्र मी झाकणाचे स्क्रू काढायला घेईन. आणि चाक परत बसवताना टॉर्क आर्म (ॲक्सलला फिरू न देणारी पट्टी) लावेन, नाहीतर ॲक्सल पुन्हा फिरला की नवी केबलही तिथेच पिळली जाईल.