जन शिक्षण संस्थानचा शिवण कोर्स: मुंढा बसेपर्यंत सुटका नाही

नववीत शाळा सुटली, मग लग्न, मग पोरं. ‘किमान दहावी पास’ दिसलं की मी पुढची जाहिरात वाचतच नाही. जन शिक्षण संस्थानात उलटं आहे. निरक्षर, नवसाक्षर आणि बारावीपर्यंत कुठेतरी शिक्षण थांबलेले, अशांसाठीच हे कोर्स असतात. सासरे गिरणीतले, ते या संस्थेला अजून जुन्या नावाने श्रमिक विद्यापीठच म्हणतात. पहिलं १९६७ साली वरळीत निघालं, जन शिक्षण संस्थान हे नाव २००० साली आलं. २०१८पासून ते केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयाकडे आहे. फी नाममात्र.

आमचा वर्ग वस्तीतल्या समाजमंदिरात भरायचा. कुणाची हळद असली की त्या दिवशी डीजे आणि आम्ही एकाच छताखाली!

शिकवणं मात्र एक नंबर. आधी वर्तमानपत्रावर कटिंग, कापडाला हात नाही. माझा मुंढा, म्हणजे बाही जोडायचा काखेतला गोल काप, सारखा चुकायचा, खोल जायचा. मॅडम ब्लाउज अंगावर घालायला लावायच्या, हात वर करायला सांगायच्या आणि काखेत चुणी दिसली की म्हणायच्या, "उसव." उसवून उसवून कापडाचा जीव जायचा. पण शिवणीत माया (जास्तीचं कापड) किती सोडायची, गळ्याची तिरपी पट्टी न ताणता कशी लावायची, हे तेव्हा हातात बसलं. त्याआधी एका खासगी क्लासला पैसे भरले होते, तिथे फॉल-पिकोच्या पुढे गाडी गेली नव्हती.

नोकरी लावून देतील या आशेवर जाऊ नका. मदत होते ती कागदपत्रांची, आणि ती कमी नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, मॅडमनी मोबाईलवर करून दिली. ती फुकट असते, सायबरवाला उगाच पैसे घेतो. मुद्रा या छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी कर्ज योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, त्याला मशीनचं कोटेशन कसं जोडायचं तेही सांगितलं. बॅचमधल्या एका शाळा सुटलेल्या पोरीला तर मागे लागून दहावीला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरायला लावला.

खटकलेली गोष्ट म्हणजे वयाची अट, १५ ते ४५. शेजारच्या काकूंची पोरं मार्गी लागली, आता कुठे दुपार मोकळी मिळते, तर त्या बसत नाहीत अटीत. बायकांना वेळ मिळतोच पंचेचाळिशीनंतर, हे दिल्लीत कोण सांगणार? साक्षरतेच्या ‘उल्लास’ वर्गाला वरची वयोमर्यादा नाही, पण काकूंना लिहितावाचता येतं. त्यांना शिवण हवंय.

जाताना आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि फोटो न्या. कात्री स्वतःची न्या, तिथल्या कात्र्या कागद कापून बोथट झाल्यात.