ऑपरेशन चोख, डीजे स्टेंटची काळजी मात्र रुग्णावर : लातूरच्या एका मूत्ररोग रुग्णालयाचे परीक्षण

लातूरमधील ज्या खासगी मूत्ररोग रुग्णालयात माझ्या धाकट्या भावाच्या मुतखड्यावर उपचार झाले, तेथील शस्त्रक्रिया उत्तम आहे आणि शस्त्रक्रियेनंतरची व्यवस्था तिच्या निम्म्यानेही चांगली नाही. मुतखड्याच्या दवाखान्याची चौकशी करताना आपल्याकडे लोक लेझर कोणते, मशीन केवढ्याचे आणि घरी कधी सोडतात, एवढेच विचारतात. किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या मूत्रवाहिनीत ठेवल्या जाणाऱ्या डीजे स्टेंट नावाच्या बारीक नळीचा विषय त्या चौकशीत येत नाही. प्रत्यक्षात लेझरचे काम बहुधा तासाभरात आटोपते आणि ती नळी मात्र पुढे काही दिवस, बऱ्याचदा काही आठवडे, रुग्णाच्या शरीरात राहते. त्यामुळे या लेखात लेझरपेक्षा नळीवर अधिक मजकूर आहे. रुग्णालयाचे नाव दिलेले नाही, कारण येथे सांगितलेल्या उणिवा एकाच दाराआड असतील असे मला वाटत नाही.

भावाचे उदगीरला खत-बियाण्यांचे दुकान आहे. मे महिन्यात, म्हणजे पेरणीच्या तोंडावर, गोदामात दिवसभर राबायचे आणि पाण्याऐवजी चहावर भागवायचे, हा त्याचा नेहमीचा क्रम. कुशीतून कळ सुरू झाल्यावर आधी हुलग्याचे पाणी आणि पानफुटीची पाने असे घरचे उपाय झाले. पुढे सोनोग्राफी केली, तेव्हा उजव्या किडनीला सूज दिसली, पण खडा काही दिसला नाही. मूत्रवाहिनीचा बराचसा भाग आतड्यांच्या मागे असल्यामुळे तेथील खडा सोनोग्राफीत निसटू शकतो, हे लातूरच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत समजावून सांगितले आणि कॉन्ट्रास्टचे औषध न देता होणारा साधा सीटी स्कॅन लिहून दिला. त्यात मूत्रवाहिनीच्या वरच्या भागात ९ मिलिमीटरचा खडा अडकलेला दिसला.

या टप्प्यावरील सल्लामसलतीला मी पूर्ण गुण देईन. डॉक्टरांनी भावाला थेट शस्त्रक्रियेच्या टेबलाकडे ढकलले नाही. मूत्रवाहिनीतील ५ मिलिमीटरपर्यंतच्या खड्यांपैकी सुमारे ६८ टक्के आणि ५ ते १० मिलिमीटरच्या खड्यांपैकी सुमारे ४७ टक्के खडे आपोआप पडून जातात, हे अमेरिकन आणि युरोपीय मूत्ररोग संघटनांनी २००७ मध्ये मिळून काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतील आकडे आहेत. ताप नसेल, किडनीचे काम ठीक असेल आणि गोळ्यांनी वेदना आटोक्यात राहत असतील, तर काही आठवडे वाट पाहता येते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. भावाची वेदना थांबत नव्हती आणि रक्तातले क्रिएटिनिन, जे किडनीचे काम मंदावले की वाढते, थोडे वाढलेले होते, म्हणून वाट पाहण्याचा मार्ग सोडला गेला. बाहेरून आघातलहरी देऊन खडा फोडण्याची पद्धत १९८० मध्ये म्युनिकमध्ये पहिल्यांदा रुग्णावर वापरली गेली आणि ती आजही उपयोगी आहे. परंतु भावाचा खडा सीटीच्या मोजमापानुसार टणक होता, त्यामुळे दोन-तीन वेळा लहरी देऊनही तो पूर्ण फुटेल याची खात्री नव्हती. पाठीला छिद्र पाडून थेट किडनीत दुर्बीण घालण्याची पद्धत, जिला सगळे पीसीएनएल म्हणतात, प्रामुख्याने २० मिलिमीटरहून मोठ्या किडनीतील खड्यांसाठी असल्यामुळे ती येथे लागू नव्हती. उरला तो लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून लेझरने खडा फोडण्याचा उपाय. या उपायात कोठेही चिरा द्यावा लागत नाही.

आणखी एका गोष्टीचे कौतुक करायला हवे. लघवीत जंतू आहेत का हे सांगणारा कल्चर रिपोर्ट हाती आल्याखेरीज शस्त्रक्रियेची तारीख द्यायला रुग्णालयाने नकार दिला. नातेवाईक अशा वेळी चिडतात, आमचेही चिडले. पण लघवीत जंतू असताना आत दाबाने पाणी सोडत खडा फोडला, तर ते जंतू रक्तात जाऊन जिवावर बेतू शकते. खडा अडकलेला आणि वर थंडी वाजून ताप, अशी स्थिती असेल तर खड्याला हात न लावता आधी स्टेंट टाकून किंवा पाठीतून नळी घालून तुंबलेली लघवी मोकळी करायची आणि खड्याचे नंतर पाहायचे, हा या शाखेतला पक्का नियम आहे. घाई करणाऱ्या रुग्णालयापेक्षा रिपोर्टसाठी थांबवणारे रुग्णालय केव्हाही बरे.

पहिल्या शस्त्रक्रियेत खडा निघाला नाही. मूत्रवाहिनी इतकी अरुंद होती की दुर्बीण खड्यापर्यंत पोहोचेना. डॉक्टरांनी जोर न लावता डीजे स्टेंट टाकला आणि भावाला भुलेतून बाहेर आणले. बाहेर बसलेल्या मंडळींत लगेच ‘ऑपरेशन फेल गेलं’ अशी कुजबुज सुरू झाली, आणि मामांनी तर भावाला त्याच दिवशी सोलापूरला हलवायची भाषा केली. वैद्यकीयदृष्ट्या मात्र तो निर्णय अगदी बरोबर होता. अरुंद मूत्रवाहिनीत दुर्बीण रेटली तर तिची भिंत फाटू शकते, आणि ती जागा पुढे कायमची आकसू शकते. स्टेंट आत राहिला की एक-दोन आठवड्यांत मूत्रवाहिनी आपोआप सैलावते आणि दुसऱ्या वेळी दुर्बीण सहज वर जाते. माझी तक्रार निर्णयाबद्दल नाही, तो आधी न सांगण्याबद्दल आहे. काही रुग्णांच्या बाबतीत पहिल्या खेपेला फक्त स्टेंट टाकून थांबावे लागते, हे संमतिपत्रावर सही घेताना दोन वाक्यांत सांगता आले असते. ते छापील इंग्रजी मजकुरात कोठेतरी होते, असे नंतर आम्हाला दाखवण्यात आले.

ही नळी म्हणजे मऊ प्लास्टिकची, साधारण २ मिलिमीटर जाडीची आणि उंचीप्रमाणे २२ ते ३० सेंटीमीटर लांबीची असते. भावाच्या फाइलमधील स्टिकरवर ६ फ्रेंच आणि २६ सेंटीमीटर असे लिहिलेले होते. फ्रेंच हे नळीची जाडी मोजण्याचे एकक आहे; तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. तिची दोन्ही टोके वळलेली असतात. वरचा वेढा किडनीत आणि खालचा मूत्राशयात अडकून बसल्यामुळे नळी खाली घसरत नाही की वर सरकत नाही. मूत्रवाहिनीत दीर्घकाळ ठेवता येतील अशा सिलिकॉनच्या नळ्या १९६७ मध्ये दुर्बिणीतून बसवल्या गेल्या होत्या, पण त्या जागेवरून हलत. दोन्ही टोकांना वेढा देऊन हा प्रश्न सोडवल्याचे १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि आजचा डीजे त्याच रचनेचा आहे. खड्याचे तुकडे किंवा सूज यांनी वाट अडली तरी लघवी नळीतून आणि नळीच्या कडेने वाहत राहते, एवढेच तिचे काम.

हे काम ती चोख करते, पण रुग्णाला सुखाने राहू देत नाही. स्टेंट असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८० टक्क्यांना काही ना काही त्रास होतो, असे या विषयावरील अभ्यास सांगतात. लघवीला सारखे जावे लागणे, घाई होणे, शेवटी जळजळ, चालल्यावर किंवा ओझे उचलल्यावर लघवी लाल होणे, आणि लघवी करतानाच कुशीत कळ येणे ही त्यांची ठरलेली लक्षणे. शेवटच्या लक्षणाने रुग्ण सर्वांत जास्त घाबरतो. एरवी मूत्राशयातील लघवी वर किडनीकडे जात नाही, पण नळीने ती वाट उघडी राहिल्यामुळे जोर लावताच दाब वर पोहोचतो आणि कळ येते. यातले काहीही घरी सोडताना आम्हाला सांगितले गेले नाही. भावाने दुकानात पोती हलवली आणि लघवी लाल झाली, तेव्हा घरात रडारड झाली. रात्री उशिरा रुग्णालयात फोन लावला असता ड्युटीवरच्या डॉक्टरांनी न वैतागता सगळे समजावून सांगितले. ताप किंवा गुठळ्या असतील तरच ताबडतोब या, नाहीतर पाणी वाढवा आणि चार दिवस ओझे उचलू नका, असे ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मूत्रमार्गाचे स्नायू सैल करणारी टॅम्सुलोसिनची गोळी सुरू झाली आणि फरक पडला. फोनवर इतके छान सांगणारे रुग्णालय तेच एका मराठी कागदावर छापून देत नाही, याचे आश्चर्य वाटते.

दुसऱ्या खेपेला दुर्बीण सहज वर गेली, होल्मियम लेझरने खडा फुटला, मोठे तुकडे बास्केट नावाच्या बारीक तारेच्या जाळीने बाहेर काढले गेले आणि नवा स्टेंट टाकला गेला. शस्त्रक्रिया विनासायास पार पडली असेल तर प्रत्येक वेळी स्टेंट टाकण्याची गरज नाही, असे युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मी तसे विचारल्यावर खडा बरेच दिवस रुतून बसल्यामुळे तेथील भिंत सुजली होती, हे कारण डॉक्टरांनी चित्रफितीत दाखवून दिले. प्रश्न विचारणाऱ्या नातेवाईकाला इतका वेळ देणारे सर्जन कमी असतात.

खरा दोष डिस्चार्ज कार्डात होता. त्यावर इंग्रजीत ‘डीजे स्टेंट इन सिटू’ एवढीच नोंद होती आणि पुढे तीन आठवड्यांनी दाखवायला या, असे लिहिले होते. नळी शरीरात आहे, ती अमुक तारखेच्या आत काढलीच पाहिजे आणि दुखत नसले तरी काढलीच पाहिजे, हे रुग्णाला कळेल अशा भाषेत कोठेही नव्हते. ही किरकोळ बाब नाही. बोअरच्या पाण्याने नळाला क्षार चढावेत तसे लघवीतील क्षार या नळीवर चढतात. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा आठवड्यांच्या आत काढलेल्या स्टेंटपैकी ९.२ टक्क्यांवर, सहा ते बारा आठवड्यांत काढलेल्यांपैकी ४७.५ टक्क्यांवर आणि त्यानंतर काढलेल्यांपैकी ७६.३ टक्क्यांवर असा थर आढळला होता. वर्ष-दोन वर्षे विसरलेल्या नळीच्या दोन्ही टोकांना नवे खडे धरतात, मग ती काढण्यासाठी मूळ खड्यापेक्षा मोठ्या शस्त्रक्रिया कराव्या लागतात आणि कधी किडनी गमवावी लागते. आपल्या भागात हा धोका अधिकच आहे. धारूर-वडवणीकडचा ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्याकडे निघतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. त्याच्या हातात इंग्रजी कार्ड आणि आत नळी असेल, तर पुढे काय होणार हे सांगायला नको. स्टेंट टाकलेल्यांची वही ठेवून ठरलेल्या तारखेच्या आधी एक फोन करणे स्वागतकक्षातील एका व्यक्तीला सहज शक्य आहे. मी ती वही मागून पाहिली. तशी वही तेथे नव्हती.

स्टेंट काढणे त्रासाचे नाही. बधिरतेची जेली घालून बारीक दुर्बीण मूत्राशयात नेतात, चिमट्याने खालचा वेढा धरतात आणि नळी ओढून घेतात. काही मिनिटांत माणूस चालत बाहेर येतो. त्या खोलीतल्या मावशींनी भावाला बोलण्यात असे गुंतवले की त्याला भीती वाटायला फुरसतच मिळाली नाही. थोड्याच दिवसांसाठी ठेवायच्या स्टेंटला बाहेर लोंबणारा दोरा ठेवून दुर्बिणीशिवायही तो काढता येतो, पण तो पर्याय येथे सुचवला गेला नाही.

बिलाबद्दल थोडक्यात. पॅकेज म्हणून सांगितलेल्या रकमेत दोन्ही स्टेंट आणि ते काढण्याचा खर्च धरलेला नव्हता. रक्कम फार मोठी नव्हती, तरी पॅकेज हा शब्द वापरायचा तर नळी टाकण्यापासून काढण्यापर्यंतचे सगळे त्यात हवे. ज्यांना खासगी खर्च झेपत नाही त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेल्या (अंगीकृत) रुग्णालयात योजनेची मदत करणाऱ्या आरोग्यमित्राला आधी भेटावे. मुतखड्याच्या शस्त्रक्रिया त्या योजनेत आहेत आणि आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते.

सर्वांत कमी गुण मी आहाराच्या कागदाला देतो. झेरॉक्सच्या झेरॉक्सवर टोमॅटो, पालक आणि दूध बंद असे लिहिलेले होते. पालकाचे समजू शकते, कारण त्यात खडे धरायला कारण ठरणारे ऑक्झलेट भरपूर असते आणि भावाचा खडा तपासणीत कॅल्शियम ऑक्झलेटचाच निघाला. पण दूध बंद करणे उलट अपायकारक ठरू शकते. जेवणातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते आणि ते लघवीत कमी उतरते. इटलीत १२० पुरुषांवर पाच वर्षे केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅल्शियम कमी केलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडे झाले, तर कॅल्शियम नेहमीइतके ठेवून मीठ आणि मांसाहार कमी केलेल्या ६० जणांपैकी १२ जणांना. ही माहिती इतकी वर्षे उपलब्ध असताना जुना कागद वाटत राहणे चांगल्या रुग्णालयाला शोभत नाही. आमच्या घरी लोणचे-पापड आणि ठेच्यातले मीठ हाच खरा मुद्दा आहे, आणि कागदावर मिठाचा उल्लेखच नव्हता. दिवसाला किमान अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्या, हा सल्ला मात्र योग्य आहे. ज्या शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे तो पाळणे दर उन्हाळ्यात सोपे नसते, ही गोष्ट वेगळी.

मूत्रवाहिनीत अडकलेला किंवा आधी कोणाच्या हातून न निघालेला खडा असेल, तर हे रुग्णालय मी सुचवेन, कारण तेथील सर्जनला थांबावे कोठे हे कळते. जाणाऱ्याने स्टेंट काढण्याची तारीख मराठीत कार्डावर लिहून घ्यावी, नळीचे स्टिकर मागून घ्यावे आणि पॅकेजमध्ये काय धरले आहे ते भरती होण्याआधी कागदावर घ्यावे. भावाची पुढची सोनोग्राफी सहा महिन्यांनी आहे आणि ती आम्ही तेथेच करणार आहोत.